विषाणूची बंडी

गेल्या पावसाळ्यात मी आमच्याच भागातल्या एका गावात सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या अभ्यासाचं अकरा पानांचं संमतीपत्र घेऊन गेले, आणि त्यातल्या एका शब्दापायी एका मुलीची सोयरीक मोडता मोडता राहिली. तो कागद लोकांना वाचून दाखवणारी मीच होते. म्हणून काय झालं ते नीट लिहून काढते आहे.

माझं गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, सिंदेवाही तालुक्यातलं. धानाचा पट्टा. बारावीपर्यंत इथेच शिकले, मग नागपूरला एमएस्सी केलं, आणि आता तीन वर्षांपासून दूरच्या एका शहरात विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात प्रोजेक्ट असिस्टंट आहे. केंद्रात तीन गट आहेत. एक जनुकोपचारावर काम करतो, एक विषाणूंवर, एक मेंदूच्या आजारांवर. या तिघांचं एका छताखाली काय काम, असं आई विचारायची. तर काम असं, की बिघडलेल्या जनुकाच्या मदतीला चांगला जनुक पेशीत न्यायचा तर नेणार कोण? पेशीत शिरायची विद्या विषाणूंकडे आहे. विषाणूच्या पोटातलं रोग करणारं सामान काढून टाकायचं आणि त्या जागी आपल्याला हवा तो जनुक भरायचा. मेंदूपर्यंत तर साधं औषधही धड पोचत नाही, पण एएव्ही-९ नावाचा एक निरुपद्रवी विषाणू रक्तातून मेंदूत आणि मज्जारज्जूत जाऊ शकतो. त्याच्याच आधारावर एसएमए या लहान बाळांच्या आजारावरचा जनुकोपचार निघाला आणि २०१९मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.

मी या कामात आले ती दादामुळे.

आईबाबा दोघंही एएस, म्हणजे सिकलसेलचे वाहक: जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली, स्वतःला आजार नाही. लग्नाच्या वेळी त्यांना हे कोण सांगणार होतं? दोघं वाहक असले की दर बाळंतपणात मूल एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेलं, निघण्याची शक्यता चारात एक. दादा एसएस निघाला, मी एएस. २००२ साली, दादा नऊ वर्षांचा असताना, शाळेच्या बोरिंगवर पाणी हापसता हापसता त्याचा उजवा हात दांड्यावरून सुटला आणि तोंड वाकडं झालं. सगळे म्हणाले लकवा मारला. नऊ वर्षांच्या पोराला लकवा! आधी मालिश झाली, मग अंगारा झाला, आणि चौथ्या दिवशी नागपूर. आज तो गावात किराणा दुकान चालवतो. उजव्या हाताची बोटं तळव्याकडे वळलेली आहेत. सुटे पैसे डाव्या हाताने मोजतो, साखरेच्या पिशवीची गाठ दातांनी आवळतो.

एवढ्या मोठ्या दुखण्याचं मूळ म्हणजे जनुकातलं एक अक्षर. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो, त्यामुळे सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. मग प्राणवायू सोडला की हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून काड्यांसारखं ताठ होतं आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. चांगली पेशी १२० दिवस जगते, ही दहा ते वीस दिवसांत संपते. या पेशींमुळे मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आतून खराब होऊन अरुंद होत जातात, आणि एखाद्या दिवशी बोरिंगच्या दांड्यावरून हात सुटतो. पुस्तकांत लिहिलेलं असतं की भारतातला सिकलसेल त्या मानाने सौम्य, कारण आपल्याकडच्या अरब-भारतीय प्रकारात फीटल हिमोग्लोबिन, म्हणजे पोटातल्या बाळाचं न चिकटणारं हिमोग्लोबिन, जास्त राहतं. विदर्भातल्या मुलांच्या वॉर्डात एक रात्र काढलेलं कोणीही हे वाक्य सहजासहजी मान्य करणार नाही.

आमचा अभ्यास २ ते १६ वयाच्या एसएस मुलांचा होता. ट्रान्सक्रॅनियल डॉप्लर मशीनने मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजायचा, आणि रक्ताच्या दोन नळ्या घ्यायच्या. एक नळी फीटल हिमोग्लोबिन आणि जनुकाचा प्रकार बघायला. दुसरी विषाणू गटाकडे. एखाद्याला पूर्वी एएव्हीचा संसर्ग होऊन गेला असेल तर त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार असतात, आणि पुढे कधी त्या विषाणूवर बसवून औषध पाठवलं तर ती त्याला वाटेतच अडवतात. आपल्या खेड्यातल्या मुलांत हे किती प्रमाणात आहे ते आधी कळायला हवं.

तारखा केंद्रात ठरल्या: जुलैचा दुसरा आठवडा. मी सांगितलं होतं की तेव्हा रोवणी असते, दिवसा गावात म्हाताऱ्या माणसांशिवाय कोणी सापडणार नाही. पण मशीन तेव्हाच मोकळं होतं. म्हणून मग रात्री आठ वाजता समाजमंदिरात सभा घेतली. दिवसभर वाकून रोवणी करून आलेल्या बाया, पायांना अजून चिखल, कडेवर पोरं. त्यांच्यापुढे मी अकरा पानं वाचायला घेतली. संमतीपत्राचं मराठी शहरातल्या एका भाषांतर करणाऱ्या एजन्सीने केलं होतं. मी ते तपासलं होतं आणि तपासल्याची सहीही केली होती.

सहाव्या पानावर वाक्य होतं: ‘विषाणू वाहकांविरुद्धच्या प्रतिपिंडांसाठी रक्ताची तपासणी केली जाईल.’

आमच्या लॅबमध्ये वाहक म्हणजे जनुक वाहून नेणारा रिकामा केलेला विषाणू. आमच्या गावात वाहक म्हणजे एएसचं कार्ड असलेला माणूस. आशाताईने, सिस्टरने, शिबिरातल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं हाच शब्द शिकवला आहे आणि लोकांनी तो पक्का धरला आहे. मी स्वतः त्या अर्थाने वाहक आहे. तरी ते वाक्य वाचताना माझ्या काही लक्षात आलं नाही, इतकी मी लॅबची झाले होते.

त्या रात्री कोणीच काही विचारलं नाही. मला वाटलं, समजलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बांधीबांधीवर, म्हणजे धानाच्या शेताशेतावर, एकच गोष्ट झाली होती: वाहकांच्या अंगात विषाणू राहतो, शहरातल्या मॅडमनं कागदावर वाचून सांगितलं. संध्याकाळी एक बाई दादाच्या दुकानात आली. तिच्या पुतणीची सोयरीक नागभीडकडच्या एका गावी जुळली होती. मुलगी एएस, मुलगा एए, म्हणजे वाहकही नाही. म्हणजे त्यांच्या मुलांना सिकलसेल होण्याचा प्रश्नच नव्हता, आणि हे दोन्ही घरांनी समजून उमजून ठरवलं होतं. आता मुलाकडून फोन आला होता. ती बाई मला म्हणाली, ‘माय, तू आपली होय म्हणून आमी रगत द्याले तयार झालो. आता पोरीच्या अंगात किडे सांगून रायले लोकं. काऊन असं केलं?’

मी काय उत्तर देणार होते? रात्री झोप लागली नाही. केंद्रात रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्हाला जेसी गेल्सिंगरची गोष्ट सांगतात. अठरा वर्षांचा अमेरिकन मुलगा. सप्टेंबर १९९९मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चाचणीत त्याला अॅडिनोव्हायरसवरून जनुक दिला गेला आणि चार दिवसांत तो गेला. शरीराने त्या विषाणूवर फार तीव्र प्रतिक्रिया दिली होती. पुढे चौकशीत निघालं की आधीच्या प्रयोगांत माकडं दगावली होती, आणि ते संमतीपत्रात आलंच नव्हतं. मी नेहमी ही गोष्ट लपवाछपवीची म्हणून ऐकली होती. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या वाटलं, काहीही न लपवता, सगळी अकरा पानं वाचूनसुद्धा माणसाला अंधारात ठेवता येतं.

सकाळी दादा म्हणाला, ‘चल.’ दुकान बंद ठेवून आम्ही दोघं मोटरसायकलवरून त्या मुलाच्या गावी गेलो. गाडी मी चालवली. मुलाच्या वडिलांपुढे मी माझं स्वतःचं एएसचं कार्ड ठेवलं आणि सांगितलं, ‘काका, मी पण वाहक आहे. यात विषाणू नाही, रोग नाही. आमच्या कागदातला वाहक दुसरा, आणि ती चूक आमची.’ त्यांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं, मग दादाच्या हाताकडे पाहिलं. चहा झाला. सोयरीक टिकली.

पण गावात शब्द सुटला तो सुटलाच होता. सभा घेऊन तो परत घेता येत नव्हता. म्हणून मी रक्त घेणं थांबवलं आणि घरोघरी गेले. घरी दिवसा कोणी नसतंच, तेव्हा बांधावर गेले, चिखलात उतरून त्यांच्यासोबत रोवणी केली. लहानपणची सवय होती, कंबर मात्र विसरली होती. आणि त्या बांधीतच मला माझ्या तीन वर्षांच्या कामाचं सगळ्यात चांगलं स्पष्टीकरण मिळालं. मी एका आजीला सांगत होते की सिकलसेलच्या जनुकोपचारात माणसाच्या रक्तातल्या मूळ पेशी मशीनने वेगळ्या काढतात, लॅबमध्ये नेऊन दुरुस्त करतात, तोवर जोरदार औषध देऊन हाडांच्या मगजातल्या जुन्या पेशी मारून जागा साफ करतात, आणि मग दुरुस्त केलेल्या पेशी परत शिरेतून सोडतात. आजीने हातातली पेंढी खाली ठेवली.

‘म्हंजे पऱ्हे खोदाचे, बांधीत चिखल कराचा, आनि मंग रोवाचे. असंच ना?’

अगदी असंच. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, ह्या मूळ पेशी, बांधी म्हणजे मगज, चिखलणी म्हणजे बुसल्फान नावाचं औषध. रोवणी झाल्यावर धान काही दिवस पिवळं पडतं आणि मग जीव धरतं. तिकडे माणसाचंही तसंच होतं, काही आठवडे अंगात रोगाशी लढायला पेशीच नसतात, दवाखान्यात सगळ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं. आजीने लगेच पुढचं विचारलं: ‘आनि रोवल्यावर पानी नाई आलं त?’ संमतीपत्राची अकरा पानं ज्या प्रश्नाभोवती घुटमळत होती तो तिने एका वाक्यात विचारला. मी खरं ते सांगितलं. पेशी रुजल्या नाहीत तर जीवावर बेतू शकतं. चिखलणीच्या औषधाने पुढे मूलबाळ होण्यात अडचण येऊ शकते. आणि अमेरिकेत ८ डिसेंबर २०२३ला मंजूर झालेल्या दोन उपचारांपैकी एकाची किंमत २२ लाख डॉलर ठेवली, दुसऱ्याची ३१ लाख डॉलर. आपल्या पैशात स्वस्तातला अठरा कोटींच्या वर.

‘मंग आमचं रगत कायले पायजे?’ शेजारची बाई म्हणाली. हाही प्रश्न रास्त होता. आम्ही आज उपचार देत नाही आहोत, हे मी तेव्हापासून पहिल्याच वाक्यात सांगायला लागले.

आता ‘वाहक’ला दुसरा शब्द हवा होता. तो दादाने दिला. ‘बंडी म्हन ना.’ बंडी म्हणजे आमच्याकडे बैलगाडी. विषाणूची बंडी. आतला माल फेकून दिलेली, आपला माल भरलेली. बंडी घरापर्यंत जाते, माल उतरवते, संपलं. ‘आनि बंडीले पिल्लं होत नाई,’ दादा बायांना सांगायचा. विषाणूची वाढ करणारे भाग काढून टाकलेले असल्यामुळे तो पेशीत एकदाच शिरतो आणि पुढे पसरत नाही, हे मी दहा वाक्यांत सांगायचे.

आयटीआय केलेल्या एका पोराने मोबाईल पुढे केला. ‘ताई, यात लिवलं आहे का ह्या बंडीसाठी एचआयव्ही वापरते. खरं हाय का?’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, खरं आहे. मंजूर झालेल्या दोन उपचारांपैकी एकात लेंटिव्हायरसची बंडी आहे, तिचा सांगाडा एचआयव्हीवरून घेतला आहे. एड्स करणारी जनुकं त्यात ठेवलेली नाहीत. दुसऱ्या उपचारात तर बंडीच लागत नाही, तिथे जनुक कापणारी क्रिस्परची कात्री थेट पेशीत सोडतात. मग मी त्याला पुढचंही सांगितलं, कारण ते आमच्या भागाचं आहे. अशा बंडीवर बहुतेक वेळा एचआयव्हीचं कातडं नसतंच. व्हीएसव्ही नावाच्या गुराढोरांच्या विषाणूच्या कवचातलं प्रथिन त्यावर चढवतात, कारण ते जवळजवळ कुठल्याही पेशीचं दार उघडतं. आणि या व्हीएसव्हीचा चुलतभाऊ म्हणजे चांदीपुरा विषाणू, जो १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाच्या रुग्णांच्या रक्तात सापडला. वाळूमाशी चावून पसरणारा, लहान मुलांच्या मेंदूवर जाणारा. २००३च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आंध्रात आजारी पडलेल्या ३२९ मुलांपैकी १८३ गेली. मेंदूज्वराने मूल सकाळी तापतं आणि दुसऱ्या दिवशी हाती लागत नाही, हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. त्याच कुळातलं कवच उद्या आपल्या मुलांच्या औषधाला लागतं, ह्यावर तो पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘हे पयलेच सांगाचं होतं.’

संमतीपत्रातला एक शब्दही नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही, आणि हा नियम योग्यच आहे. मी परत जाऊन सगळं लिहून दिलं, माझ्या सहीसकट. पाच आठवडे लागले. समितीतल्या एका सदस्यांना ‘बंडी’ हा शब्द कागदावर शोभत नाही असं वाटत होतं. त्यांना मी त्या मुलीच्या सोयरिकीची हकिगत सांगितली. नवीन कागद सहा पानांचा झाला. त्यात ‘विषाणूची बंडी’ आहे, आणि ठळक अक्षरात एक ओळ आहे की सिकलसेलचा एएस वाहक असणं म्हणजे शरीरात विषाणू असणं नव्हे.

सप्टेंबरअखेर आम्ही पुन्हा गेलो. धान पोटरीत होतं, लोकांना सवड होती. शाळेच्या वर्गात खाट टाकून मशीन मांडलं. पोरं घाबरू नयेत म्हणून दादा आधी झोपला. कानशिलावर थंड जेल लावायचं, पेनएवढी नळी तिथे टेकवून थोडी थोडी फिरवायची. तिथे कवटीचं हाड पातळ असतं, आवाजाच्या लहरी आत जातात. एका जागी अचानक आवाज येतो, हुश्श, हुश्श, मोटारपंप सुरू झाल्यावर पाईपातून पाणी यावं तसा. पोरं ऐकून हरखली. पाईपाच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी जोरात उडतं, हे त्यांना माहीतच होतं. रक्तवाहिनी अरुंद झाली की रक्ताचा वेग तसाच वाढतो. सेकंदाला १७० सेंटिमीटरच्या आत असेल तर ठीक, २००च्या वर गेला तर लकव्याचा धोका फार.

सात ते बारा वयाच्या मुलांची तोंडी संमतीही लागते, आईबापांच्या समोर. आठ वर्षांच्या एका मुलाने विचारलं, ‘सुई किती वेळा?’ मी म्हटलं, एकदाच. त्याने बोट दाखवून पुन्हा विचारलं, ‘एक?’ आणि मग मान हलवली.

त्याच्याच डाव्या बाजूला २०८ आलं. नियमाप्रमाणे पुन्हा मोजलं, २११. वरून तो अगदी ठणठणीत होता, खाटेवरून उतरून पळालासुद्धा. मशीन चालवणाऱ्या आमच्या डॉक्टरांनी त्याच्या आईला बाजूला बसवून सांगितलं की आत्ता काही झालेलं नाही, पण दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला सुरुवात केली तर लकव्याचा धोका खूप कमी होतो. नंतर वेग आटोक्यात आला तर गोळ्यांवर, हायड्रॉक्सीयुरियावर, नेता येतं.

दादा खिडकीशी उभा राहून ऐकत होता. कानशिलावरचं जेल त्याने अजून पुसलेलं नव्हतं. ‘रक्त चढवल्यानं लकवा थांबते, हे कवा समजलं?’

‘१९९८ला. अमेरिकेत मुलांवर अभ्यास झाला होता. ज्यांना रक्त चढवलं त्यांच्यात लकवा जवळजवळ नव्वद टक्क्यांनी कमी झाला.’

त्याने मनातल्या मनात हिशेब केला असावा. काही बोलला नाही. वाकडी बोटं डाव्या हातात धरून चोळत उभा राहिला, थंडीत करतो तसा.

नोव्हेंबरमध्ये बातमी आली की दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने सिकलसेलसाठी देशी क्रिस्पर उपचार विकसित केला आहे आणि त्याला ‘बिरसा १०१’ नाव दिलं आहे. मी ती रोवणीवाल्या आजीच्या नातवाच्या मोबाईलवर पाठवली. आजीचा निरोप आला, ‘बंडी कुटंपर्यंत आली म्हनून इचार.’ मी कळवलं, अजून आमच्या रस्त्याला लागलेली नाही, माणसांवरच्या चाचण्या व्हायच्या आहेत.

त्या आठ वर्षांच्या मुलाची आई दर खेपेला एसटीत बसल्यावर मला फोन करते. सिकलसेलच्या पेशंटला तिकीट लागत नाही, कार्ड दाखवावं लागतं. ते कार्ड त्याने प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दोऱ्याने गळ्यात बांधलं आहे. कंडक्टर आला की तो स्वतःच वर करून दाखवतो, आणि फोनवर मला आईच्या आधी सांगतो, ‘सुई एकच.’